पिवळ्या ओळी आणि हिरवा बेदाणा

संगणक ज्या धोक्याच्या सूचना देत होता, त्या मी बंद करून टाकल्या होत्या. ज्याबद्दल सूचना येत होत्या ते दुरुस्त केलं असं नव्हे. नुसत्या सूचनाच बंद. कारण त्या पिवळ्या अक्षरांत यायच्या, आणि पडद्यावर ते बरं दिसत नव्हतं.

पुढे जे झालं ते सांगण्याआधी माझा धंदा काय ते सांगायला हवं. माझी सगळी नोकरी सांगलीतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या संगणक केंद्रात गेली. हुद्दा सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेटर. साताऱ्याला आमच्या आळीत याचा अर्थ 'कंप्युटर दुरुस्त करतो' असा घेतात, आणि मी सुट्टीला घरी गेलो की शेजारीपाजारी प्रिंटर काखेत मारून येतात. खरं काम निराळं. आमच्या केंद्रात लोखंडी कपाटात एकावर एक रचलेले संगणक आहेत. त्यांनी आपापलं वेगळं काम करायचं नाही. सगळ्यांनी मिळून एकच मोठं गणित सोडवायचं. याला क्लस्टर म्हणतात. त्यांच्यात भांडणं लागू न देणं, एवढंच माझं काम. थोडक्यात, एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेचं.

या क्लस्टरवर चालणारं सगळ्यात लाडकं गणित होतं मुल्ला सरांचं. मुल्ला सर आमच्याकडे गणित शिकवायचे. मिरजेचे. घरात तंबोरे करायचा पिढीजात व्यवसाय. थोरले भाऊ अजून तेच करतात. सरांनी मात्र तारेचं कंपन कागदावर मांडायला घेतलं आणि तिथून घसरत घसरत ते हवेवर आले. त्यांनी फोरट्रान नावाच्या जुन्या, खणखणीत भाषेत एक प्रोग्राम लिहिला. मोठ्या वेधशाळांचा अंदाज घ्यायचा आणि तो आपल्या तालुक्यांपुरता बारीक करायचा: पाऊस जिल्ह्यात नव्हे, तासगावात पडणार की नाही?

त्यासाठी सरांनी नकाशाच्या आडव्या पट्ट्या पाडल्या. एक पट्टी एका संगणकाची. प्रत्येक पट्टी पश्चिमेला घाटाच्या अंगाला, पाटण-शिराळ्याच्या डोंगरात सुरू होते आणि पूर्वेला आटपाडी-जतच्या माळावर संपते. पट्टीत घरं, म्हणजे चौकटी. प्रत्येक चौकटीत हवा किती गरम, किती दमट, वारा कुठून, हे आकडे. आता हवा काही पट्टीची शीव मानत नाही. म्हणून दर थोड्या वेळानं प्रत्येक संगणक आपल्या कडेच्या ओळीतले आकडे शेजारच्याला पाठवतो. बांधावर उभं राहून 'माझ्याकडून असा वारा येतोय रे' असं सांगितल्यासारखं.

हे निरोप कसे पाठवावेत याचं जगभर मानलेलं एक प्रमाणक आहे. एमपीआय म्हणतात त्याला. प्रमाणक म्हणजे नुसते नियम. ते नियम पाळून प्रत्यक्ष निरोप पोचवणारा जो तयार प्रोग्रामांचा संच असतो तो म्हणजे लायब्ररी. मी लायब्ररी सांभाळतो म्हटल्यावर आमच्या प्राचार्यांनी मला एकदा पुस्तकांना लागलेल्या वाळवीच्या बैठकीला बोलावलं होतं. मी गेलो. चहा होता.

या नियमांत अधूनमधून भर पडते, तशा काही जुन्या आज्ञा नकोशाही होतात. पण त्या एकदम काढून टाकल्या तर ठिकठिकाणचे जुने प्रोग्राम आडवे होतील. म्हणून आधी नुसतं जाहीर करतात: ही आज्ञा अजून चालते, पण इथून पुढे वापरू नका, केव्हातरी काढून टाकू. सांगली-मिरज रस्त्यावर आमच्या घराजवळ एक बसथांबा होता. तिथं पाटी लागली, 'हा थांबा पुढे हलवला आहे.' पण ड्रायव्हर ओळखीचे. आम्ही जुन्याच जागी हात करायचो आणि बस थांबायची. पाटी लागून वर्षं लोटली, तिच्यावर शिकवणीच्या जाहिराती चिकटल्या, तरी बस थांबतच होती. मग एक दिवस नवा ड्रायव्हर आला. आमच्या हाताकडे बघत, माझ्या मते थोडं हसत, तो सरळ निघून गेला.

मुल्ला सरांच्या प्रोग्राममध्ये अशा पाटी लागलेल्या आज्ञा बऱ्याच होत्या. सरांनी लिहिला तेव्हा त्या ताज्या होत्या. प्रोग्राम पुन्हा बांधायला, म्हणजे लिहिलेल्या ओळींचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करायला घेतलं की लायब्ररी प्रत्येक आज्ञेमागे एक पिवळी ओळ छापायची: ही जुनी झाली, हिच्याऐवजी ती वापरा. सर म्हणायचे, "एकदा बसून हे काढून टाकू या."

"मेच्या सुट्टीत काढू सर," मी म्हणायचो. मेच्या सुट्टीत मी साताऱ्याला प्रिंटर दुरुस्त करत असे.

मग महाविद्यालयात तपासणी समिती यायची ठरली. प्राचार्य रंगीत तालमीला केंद्रात आले. मी ऐटीत प्रोग्राम बांधायला लावला आणि पडदा हळदीनं माखल्यासारखा पिवळा झाला.

"हे काय येतंय?" प्राचार्यांनी विचारलं.

"सर, सूचना आहेत. काही बिघडलेलं नाही."

"मग सूचना कशाला देतंय?"

प्रश्न बिनतोड होता. मी तिथल्या तिथे प्रोग्राम बांधण्याच्या आज्ञेत 'सूचना दाखवू नकोस' एवढे शब्द घातले. पडदा स्वच्छ. समितीनं केंद्राच्या नीटनेटकेपणाबद्दल दोन चांगले शब्द लिहिले. ते शब्द मी चौकटीत लावून घेतले. ती चौकट अजून आमच्या दिवाणखान्यात आहे. आमच्या सौभाग्यवती सुनंदा पाहुण्यांना ती मुद्दाम दाखवतात.

आता या गोष्टीतला ज्याचं नुकसान व्हायचं तो माणूस. सुनंदाचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे मेव्हणे, विलासराव. तासगावच्या पुढे त्यांची द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड. बेदाणा कसा होतो हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. घड उतरवायचे, पोटॅश आणि तेल घातलेल्या पाण्यात बुडवायचे, आणि शेडमध्ये एकावर एक ताणलेल्या जाळ्यांवर पसरायचे. या मजल्यांना रॅक म्हणतात. शेडच्या बाजू उघड्या. वारा आरपार फिरला पाहिजे, ऊन थेट लागता कामा नये. दोनेक आठवडे असा वारा खाल्ला की द्राक्षाचा हिरवट-पिवळा बेदाणा होतो. सगळं मोल त्या रंगाला. मधेच अवकाळी पाऊस आला, नुसती दमट हवा जरी कोंडली, की रंग काळपटतो आणि वर्षभराची मेहनत बाजारात खाली बसते. पाऊस येणार असेल तर बाजूचे प्लास्टिकचे पडदे सोडायचे. पण पाऊस नसताना पडदे सोडले तर वारा बंद, आतल्या आत मालाला घाम, आणि रंग तसाही जातो. म्हणजे येणार की नाही हे नेमकं कळणं आलं.

ते नेमकं सांगत होता मुल्ला सरांचा प्रोग्राम. हंगामात रोज सकाळी तो चालायचा, मी तीन ओळींचा निरोप विलासरावांना पाठवायचो, आणि विलासराव तो आसपासच्या शेडवाल्यांच्या गटावर टाकायचे. वर स्वतःच्या पदरचं एक वाक्य: 'आमच्या दाजींच्या मशीनचा अंदाज.' आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात. त्या गटात मला खऱ्या नावानं कोणी ओळखत नव्हतं. मी त्या भागात गेलो की पानपट्टीवाला पैसे घेत नसे. नोकरीत मला एवढा मान कुठे मिळाला नव्हता, आणि खरं सांगायचं तर अंदाज सरांचा, मशीन कॉलेजचं. माझं फक्त बटण.

अशा सुखात असताना साताऱ्याच्या एका महाविद्यालयातून व्याख्यानाचं आमंत्रण आलं. विषय: 'समांतर संगणनातील आधुनिक प्रमाणके.' आपल्याच गावात व्याख्यान म्हटल्यावर मी हरखलो. तयारी करताना लक्षात आलं की आमची लायब्ररी बरीच जुनी आहे. आधुनिक प्रमाणकांवर बोलायचं आणि कुणी विचारलं, 'सर, तुमच्याकडे कुठली आवृत्ती?' तर? म्हणून आदल्या संध्याकाळी मी नवी आवृत्ती बसवली. बेदाण्याच्या ऐन हंगामात. सगळ्या संगणकांना 'हजर' म्हणायला लावणारा एक चिमुकला प्रोग्राम असतो, तो चालवला. सगळे हजर म्हणाले. मी निश्चिंत मनानं साताऱ्याची बस धरली.

व्याख्यान छान झालं. शेवटी पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, नव्या आवृत्तीत काही जुन्या आज्ञा काढूनच टाकल्यात ना? मग त्या वापरणाऱ्या प्रोग्रामांचं काय होतं?"

मी चष्मा काढला. चष्मा काढून बोललेलं वजनदार वाटतं असा माझा समज आहे. म्हणालो, "जे काळाबरोबर बदलत नाहीत, त्यांचं जे होतं तेच." टाळ्या पडल्या. त्याच वेळी खिशात फोन थरथरत होता.

बाहेर येऊन फोन घेतला.

"दाजी, आज मेसेज न्हाई आला," विलासराव.

"येईल. जरा नूतनीकरण चालू आहे."

"काय चालू हाय?"

"नवी आवृत्ती बसवली."

"जुनी मोडली हुती?"

"नाही."

"मग?"

मी फोन खिशात टाकला आणि सांगलीची बस धरली.

सांगलीला परत येऊन पाहतो तो नव्या लायब्ररीवर सरांचा प्रोग्राम बांधलाच जाईना. ज्या आज्ञांच्या पिवळ्या ओळी मी झाकून ठेवल्या होत्या, त्या आज्ञा आता नव्हत्याच. पिवळ्याचं लाल झालं होतं. नवा ड्रायव्हर आला होता.

सरळ मार्ग असा होता: जुनी आवृत्ती परत बसवायची, हंगाम संपेपर्यंत गप्प बसायचं. पण तसं केलं तर व्याख्यानात म्हणालो ते खोटं ठरलं असतं. ऐकणारं कोणी तिथं नव्हतं, तरी ठरलं असतं. मी प्रमाणकातला तक्ता काढला. डावीकडे जुनी आज्ञा, उजवीकडे तिच्याऐवजी वापरायची नवी. शोधा आणि बदला. एका ठिकाणी नवी आज्ञा एक जागा जास्त मागत होती. मी तिला एक जागा जास्त दिली. उदार स्वभाव. प्रोग्राम बांधला गेला, चालला, आकडे आले. सरांची एक शिस्त होती: काही बदललं की आधी एखाद्या गेलेल्या दिवसाचा अंदाज काढून बघायचा, त्या दिवशी काय झालं ते माहीतच असतं. मी म्हटलं, कालचा निरोप आधीच चुकलाय, आता आणखी उशीर नको.

अंदाज होता: तासगाव भागात उद्या दुपारनंतर मध्यम ते जोरदार पाऊस. मी निरोप पाठवला.

विलासरावांचे रॅक खालपासून वरपर्यंत भरलेले होते. शेजारच्या दोघांचाही माल त्यांच्याच शेडमध्ये होता. त्यांच्या शब्दावर टाकलेला, आणि त्यांचा शब्द माझ्या निरोपावर. त्यांनी पडदे सोडले, कडा दगडांनी दाबल्या, घड उतरवणाऱ्या बायांना घरी पाठवलं. त्यांचं बघून सगळ्या गटानं तेच केलं.

दुसरा दिवस उगवला तो असा कोरडा की अंगणात टाकलेले पापड जेवणाआधी वाळावेत. संध्याकाळी फोन आला. आवाज अजून नरम होता.

"दाजी, आभाळ न्हाई. ठिपूस न्हाई."

"पाऊस थोडा पुढे सरकला असेल." हे वाक्य मी वेधशाळेच्या बातम्यांतून उचललं होतं.

त्या दिवशीचा अंदाजही पाऊसच म्हणत होता. नुसता तासगावला नव्हे. कवठेमहांकाळला पाऊस, आटपाडीला पाऊस, जतला पाऊस. जतला मार्चमध्ये असा पाऊस सांगणारा अंदाज बघून कुणालाही शंका आली असती. मला वाटलं, चला, जतचं भलं होतंय.

तिसऱ्या दिवशी सकाळी विलासरावांचा आवाज बदललेला होता.

"पडदा उचलून हात घातला आत. माल घामेजलाय. उघडू का नगो? तुमचं मशीन म्हणतंय नगो. आभाळ म्हणतंय उघड. मधल्यामधी माझा बेदाणा काळा हुतोय."

"दुपारपर्यंत थांबा," मी म्हणालो, आणि मुल्ला सरांना फोन लावला. सर निवृत्त होऊन मिरजेला भावाच्या कारखान्यात बसत. मागे कुणीतरी तार छेडत होतं.

मी सगळं सांगितलं. व्याख्यानाचा भाग थोडक्यात सांगितला.

"गेलेल्या दिवसाची चाचणी घेतली होती?" सरांनी विचारलं.

"नाही सर."

"आमचे भाऊ तार जुळल्याशिवाय गिऱ्हाइकाला तंबोरा हातात देत नाहीत. तुम्ही सगळ्या तालुक्याला दिलात." मग म्हणाले, "येतो."

सर आले. खुर्चीत बसले. मी बदललेल्या ओळी ते वाचू लागले. वाचता वाचता त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं आणि फार शांतपणे विचारलं, "हे 'कचरा' काय आहे?"

कडेची ओळ पाठवताना प्रोग्रामला विचारावं लागतं: एका घराची माहिती किती लांब, म्हणजे पुढच्या घराला जायला पाऊल केवढं टाकू? जुनी आज्ञा एकच उत्तर द्यायची, लांबी. नवी आज्ञा दोन उत्तरं देते: आधी, माहिती कुठून सुरू होते, मग, ती किती लांब आहे. तक्त्याखालच्या टिपेत हे स्वच्छ लिहिलं होतं. मी टीप वाचली नव्हती. पहिलं उत्तर मी लांबी म्हणून घेतलं. दुसरं काय करायचं कळेना, म्हणून त्यासाठी एक खोकं केलं आणि त्याला नाव दिलं 'कचरा'.

सरांनी दोन्ही आकडे छापून बघितले. माहिती सुरू होत होती शून्यापासून. म्हणजे पाऊल शून्य. कचऱ्यात होती खरी लांबी.

"बरोबर उत्तर कचऱ्यात," सर म्हणाले, "आणि शून्य तुमच्या हातात."

शून्य पाऊल म्हणजे असं की पोस्टमन गल्लीत शिरला, पहिल्या दारात उभा राहिला, आणि प्रत्येक घराचं पत्र म्हणून त्याच दारातलं पत्र पुन्हा पुन्हा उचलत राहिला. पहिलं दार घाटावरचं. त्या दिवसांत घाटावर ढग होतेच. ती ओली हवा आमच्या संगणकांनी एकमेकांना सगळ्या ओळीभर कळवली: तासगावची हवा घाटाची, आटपाडीची हवा घाटाची, जतचीसुद्धा घाटाची. आणि अशी हवा जतला असती तर तिथं खरोखरच पाऊस पडला असता. गणितात काही चूक नव्हती.

मी तातडीनं दोन्ही खोक्यांची अदलाबदल करायला निघालो. सरांनी माझा हात धरला. "तुमची अशी आणखी किती खोकी आहेत ते मला माहीत नाही. आधी हे वाचा." त्यांनी लायब्ररीबरोबर येणारं प्रश्नोत्तरांचं पान उघडलं आणि मोठ्यानं वाचलं, "'माझा जुना प्रोग्राम नव्या आवृत्तीवर बांधला जात नाही. काय करू?' हा प्रश्न तुम्हीच पाठवलेला दिसतोय."

उत्तर खालीच होतं. एक, प्रोग्राम सुधारा, तेच उत्तम. दोन, तोवर अडलं असेल तर लायब्ररी बसवतानाच एक कळ चालू करा. काढलेल्या जुन्या आज्ञा तात्पुरत्या परत मिळतील. म्हणजे ज्यांनी थांबा हलवला होता त्यांनी माझ्यासारख्यांसाठी जुन्या जागी बस थांबवायची सोयही ठेवली होती, वेळेपुरती. मी फक्त वाचायचं होतं.

लायब्ररी ती कळ चालू करून पुन्हा बसवली. सरांचा प्रोग्राम मूळ रूपात आणला. सरांनी मागच्या हंगामातला एक दिवस चालवून बघितला, मग आणखी एक. जुळले. मग आजचा. तासगाव: कोरडं. उद्या: कोरडं.

आता निरोप लिहायचा होता. आणि इथं माझी पुरती दाणादाण उडाली. ज्या माणसानं सूचना झाकून ठेवल्या होत्या, तोच माणूस आता सूचनांशिवाय एक अक्षर लिहायला घाबरत होता. मी लिहिलं: 'उपलब्ध माहितीनुसार व सद्यस्थितीत पावसाची शक्यता अल्प दिसत असली, तरी ती पूर्णपणे नाकारता येत नाही. तांत्रिक कारणांमुळे यापूर्वीच्या अंदाजांत तफावत संभवते. उत्पादकांनी परिस्थिती पाहून आपापल्या जबाबदारीवर योग्य तो निर्णय घ्यावा.'

पाठवल्यापाठवल्या फोन.

"दाजी, ह्यो मेसेज तुमी लिवला का वकिलानं?"

"म्हणजे काय की—"

"पडदं उघडू का नगो?"

"सगळ्या बाजूंनी विचार केला तर—"

"एकच बाजू सांगा. का हितं या आन् मालाम्होरं हुबं ऱ्हाऊन सांगा."

मी स्कूटर काढली. मुल्ला सर म्हणाले, "मीही येतो. इतकी वर्षं अंदाज काढले, बेदाण्याचं शेड पाहिलं नाही." सरांना मागे बसवून मी तासगावच्या रस्त्याला लागलो. वाटेत सर एकच वाक्य बोलले: "आरशात बघा, मागून ट्रक आहे." मला त्यातही टोमणा दिसला.

शेडपाशी विलासराव आणि माल टाकणारे ते दोघे शेजारी उभे होते. पडद्यांच्या आतून कोंदट, गोडसर वास येत होता. आणि पश्चिमेला, लांब डोंगरावर, एक काळा ढग दिसत होता.

"सांगा," विलासराव म्हणाले.

मी सरांकडे बघितलं. सर रॅककडे बघत होते. न वळता म्हणाले, "सूचना हा यांचा विभाग."

मी ढग बघितला. माझ्या खिशातल्या कागदावर 'कोरडं' लिहिलेलं होतं, दोन गेलेल्या दिवसांवर तपासून जुळलेलं. आणखी एक दिवस पडदे राहिले तर माल नक्की गेला. उघडले आणि पाऊस आला तर तासाभरात गेला. तिघे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"उघडा," मी म्हणालो.

"तरी, परंतु, काय न्हाई ना?"

"नाही. उघडा."

दगड बाजूला झाले. पडदे वर गेले. वारा आत शिरला आणि जाळ्या सळसळल्या. मग मी शेडसमोर उभा राहून त्या ढगाकडे डोळे लावले. तो हलतोय का, वाढतोय का, इकडे येतोय का. सर विलासरावांबरोबर आत हिंडून बेदाणा चाखत होते. मला कुणी दिला नाही.

"आवं दाजी, खाली बगा," थोड्या वेळानं विलासराव म्हणाले. "मान लचकंल. आन् तुमच्या बगण्यानं त्यो हिकडंच यायचा."

ढग आला नाही. डोंगरावरच विरला. दुसरा दिवस कोरडा, तिसराही. वरच्या जाळ्यांवरचा माल वाचला, चांगला हिरवट निघाला. मधल्या आणि खालच्या जाळ्यांवरचा, जिथे वारा सगळ्यात आधी तुटला होता, तो काळपटला. निवडायला बसलेल्या बायांनी त्याचा वेगळा ढीग केला आणि त्या ढिगाला नावही पाडलं: दाजी. 'हिरवा हिकडं, पिवळा हिकडं, दाजी तिकडं.' हे मला सुनंदानं सांगितलं. हसत सांगितलं. शेजारच्या दोघांच्या वाट्याला जितका काळा आला तितका विलासरावांनी आपल्या चांगल्यातून बदलून दिला. हे मात्र तिनं हसत सांगितलं नाही.

तो काळा बेदाणा एका पोत्यातून आमच्या घरी आला. त्या वर्षी आमच्याकडे शिऱ्यात बेदाणा, खिरीत बेदाणा, पुलावात बेदाणा, आणि एकदा तर पोह्यांतही.

मेच्या सुट्टीत मी साताऱ्याला गेलो नाही. मुल्ला सर आणि मी बसलो आणि एकेक आज्ञा, तिची टीप वाचून, बदलली. झाकलेल्या सूचना मी पुन्हा उघडल्या. शेवटची ओळ सुधारून प्रोग्राम बांधला तेव्हा पडदा स्वच्छ आला. या वेळी खरोखरचा स्वच्छ. मला वाटलं प्राचार्यांना बोलवावं. पण त्यांना फरक कसा दाखवणार? दोन्ही पडदे सारखेच दिसत होते.

आता पुन्हा एकदोन पिवळ्या ओळी येऊ लागल्यात. प्रमाणकाची पुढची आवृत्ती आली, आणखी काही आज्ञांवर पाटी लागली. त्यातल्या काही मी नवीन म्हणून शिकलो होतो. त्या ओळी हल्ली मी जरा जपून वाचतो. 'अजून चालते, पण हिच्यावर विसंबू नका' असं कुणाबद्दल लिहिलेलं वाचलं की या वयात थोडं लागतं.

कारण माझीही निवृत्ती आली आहे. परवा विलासरावांकडे गेलो होतो. शेडमध्ये नव्या हंगामाची तयारी चालली होती, जाळ्या ताणत होते. मनात आलं, या माणसाला आपण होऊन सांगावं. इतक्या वर्षांचा रोजचा निरोप, त्याला चुटपुट लागेल.

"विलासराव," मी म्हणालो, "आता थोडेच दिवस. रिटायर होतोय मी. मशीन दुसऱ्याच्या हातात जाणार."

विलासराव थांबले. हातातली जाळी खाली ठेवली. माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "कवा? हंगामाच्या आदी का नंतर?"

"आधीच. पहिला घड उतरायच्या आत."

त्यांनी मान हलवली आणि आतल्या गड्याला हाक मारली.

"आरं, आनकी दोन रॅक वाढीव! ह्या वर्साला भ्या न्हाई."